नवा कारभारी, जुनं दप्तर

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक विभागात जुलै २०२५ मध्ये झालेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



अध्यक्ष महाशय, कार्यकारिणीतले सहकारी, आणि एवढ्या पावसात रिक्षा मिळवून इथवर आलेले तुम्ही सगळे. गणपती २७ ऑगस्टला आहेत. खरं तर हे व्याख्यान उत्सवातच ठेवायचं होतं, पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, विषयात तारीख आहे, तेव्हा थांबू नका. ती तारीख आधी सांगून टाकतो. मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. दसरा झालेला असेल, कोजागिरीचं दूध पिऊन झालेलं असेल आणि घरात फराळाच्या याद्या सुरू असतील. त्या दिवशी विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्ट थांबवणार आहे.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बसतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. हल्ली तिथे एकच प्रश्न येतो. "काका, आमचा कॉम्प्युटर ऑक्टोबरात बंद पडणार म्हणे?" एका गृहस्थांनी तर संगणक भंगारवाल्याला दाखवूनही आणला होता. तर पहिली गोष्ट ही, की बंद काहीही पडणार नाही. १५ तारखेला सकाळी बटण दाबलंत तर तोच संगणक तसाच सुरू होईल. थांबणार आहे ती दर महिन्याला येणारी दुरुस्ती. कुलपात दोष सापडला की कंपनी तो बुजवत होती, आता बुजवणार नाही. लगेच चोरी होत नाही, पण जसजसे महिने जातात तसतसा धोका वाढतो. ज्या संगणकावर बँकेचा व्यवहार होतो तिथे तो घेऊ नये, आणि नुसते फोटो बघायचे असतील, इंटरनेट जोडायचंच नसेल, तर घाबरायचं कारण नाही.

आता हे ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते एकदा आपल्या भाषेत सांगतो. बडोद्यात बसून सांगायला सोपं आहे. १८७५ साली सर टी. माधवराव इथे दिवाण म्हणून आले आणि त्यांनी राज्याच्या खात्यांची घडी नव्याने बसवली. पुढे १९२७ साली व्ही. टी. कृष्णम्माचारी आले. दिवाण बदलला की अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा, कोणाची सही लागते, हे बदलतं. पण आपल्या शेताचा तुकडा जिथे आहे तिथेच राहतो. ऑपरेटिंग सिस्टिम हा संगणकाचा कारभारी. छापायचं यंत्र, पडदा, कीबोर्ड, तुमच्या फायली, या सगळ्यांत तो मध्यस्थ. तुमचे फोटो, पत्रं, हिशेब हे दप्तर. नवा कारभारी आला म्हणून दप्तर त्याचं होत नाही. मात्र तो येण्याआधी दप्तराची एक नक्कल आपल्या हाती असावी, हे शहाणपण संस्थानी काळापासूनचं आहे. पेनड्राइव्ह घ्या, बाहेरची हार्ड डिस्क घ्या, पण नक्कल करा. बाकी सगळं नंतर.

मी स्वतः एका कारखान्याच्या ईडीपी विभागात नोकरी केली. तेव्हा संगणकाला स्वतंत्र वातानुकूलित खोली असे आणि साहेबांना नसे. मग डॉस आलं, काळ्या पडद्यावर सी प्रॉम्प्ट लुकलुकायचा, वर्डस्टारमध्ये मजकूर साठवायला कंट्रोल-के-एस दाबावं लागायचं. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आली आणि डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' नावाचं बटण आलं. विंडोज एक्सपी २००१ ची, विंडोज ७ ही २००९ ची. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते स्टार्ट बटणच काढून टाकलं. जगभर एवढी ओरड झाली की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आलं. तेव्हा आपल्याला नवीन काही दिसलं नाही, सापडलं नाही, तर 'आता वय झालं' असं लगेच म्हणू नका. कंपनीच्या हुशार माणसांनाही ते पटलं नव्हतं, म्हणून तर परत आणलं.

विंडोज १० ही २०१५ ची. त्या वर्षी कंपनीच्याच एका तंत्रज्ञाने एका परिषदेत सांगितलं होतं की ही शेवटची विंडोज. २०२१ च्या ऑक्टोबरात ११ आली. यावरून काय घ्यायचं ते तुम्ही घ्या. मी एवढंच घेतलं की हे असं पुन्हा होणार, आणि त्याची तयारी एकदाच नीट करून ठेवलेली बरी.

ती तयारी कशी करायची, यावर थोडा वेळ घेतो.

तुमच्यापैकी पुष्कळांकडे एक वही असते. मुलाने सुट्टीत येऊन सांगितलेलं त्यात लिहिलेलं असतं. मी अशा बऱ्याच वह्या पाहिल्या. त्यांत लिहिलेलं असतं, "डावीकडून तिसऱ्या चित्रावर दोनदा टिचकी. मग वरच्या ओळीत निळं. मग खालचं ओके." ही वही विंडोज ११ च्या पहिल्याच दिवशी निकामी होते. कारण ११ मध्ये स्टार्टचं बटण डावा कोपरा सोडून मध्ये येऊन बसलंय, आणि तिसरं चित्र आता पाचवं आहे. ते बटण पुन्हा डावीकडे नेता येतं बरं का. टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये अलाइनमेंट नावाची सोय आहे, तिथे 'लेफ्ट' निवडायचं. पण दर वेळी सगळं जुन्यासारखं करून मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून वहीत जागा लिहू नका, काम लिहा. "बँकेने पाठवलेलं विवरणपत्र छापायचं आहे. ते डाउनलोड्स या फोल्डरात येतं. उघडायचं, कंट्रोल-पी." कारभारी बदलला तरी ही नोंद टिकते.

वहीचं शेवटचं पान मात्र वेगळं ठेवा. मधोमध उभी रेघ मारा, डाव्या बाजूला जुनं नाव, उजव्या बाजूला नवं. आपला निम्मा गोंधळ नावांचा असतो. एक्सपीतलं 'माय कम्प्युटर' पुढे नुसतं 'कम्प्युटर' झालं आणि आता ते 'धिस पीसी' आहे. 'विंडोज एक्सप्लोरर' होतं, ते 'फाइल एक्सप्लोरर' झालं. 'ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स'चं 'प्रोग्राम्स अँड फीचर्स' झालं आणि आता तेच काम 'ॲप्स' या नावाखाली आहे. 'कंट्रोल पॅनल' हळूहळू 'सेटिंग्ज'मध्ये वितळतंय, दोन्ही अजून नांदतात, थोरल्या-धाकट्या जावांसारख्या. 'इंटरनेट एक्सप्लोरर' १५ जून २०२२ ला निवृत्त झालं, त्याच्या जागी 'एज'. 'वर्डपॅड' ११ च्या २०२४ च्या आवृत्तीतून काढूनच टाकलंय, त्यातल्या फायली वर्डमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिबर ऑफिसमध्ये उघडतात. सगळ्या उलथापालथीत 'रिसायकल बिन' तेवढी ९५ पासून आपलं नाव राखून आहे. केराच्या टोपलीला कोणी हात लावत नाही.

सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला होता, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु, १९३१ सालचा. कारकुनाला नवा शब्द अडला की तो कोश उघडायचा. वहीचं शेवटचं पान हा आपला घरगुती कल्पतरू समजा.

नावं आणि जागा बदलतात, पण बोटांच्या सवयी फार कमी बदलतात. कंट्रोल-सी नक्कल, कंट्रोल-व्ही चिकटवणं, कंट्रोल-एक्स कापणं, कंट्रोल-झेड मागे येणं. कट-कॉपी-पेस्टची ही पद्धत झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात घडली. त्यातले एक मुख्य नाव लॅरी टेस्लर, ते २०२० मध्ये वारले. एक्स, सी, व्ही, झेड या शेजारशेजारच्या कळा ॲपलच्या लिसा या संगणकाने १९८३ साली रूढ केल्या. चाळीस वर्षं त्या जागच्या जागी आहेत. विंडोज ११ मध्ये उजवी टिचकी दिली तर कट, कॉपी, पेस्ट हे शब्द जाऊन नुसती छोटी चित्रं आली होती, लोक गांगरले, मग नंतरच्या आवृत्तीत चित्रांखाली शब्द आले. ज्यांना कंट्रोल-सी ठाऊक होतं त्यांना यातलं काही कळलंसुद्धा नाही. माउसची सवय मोडा असं मी म्हणत नाही. पण दहा-बारा कळा पाठ करा. भीमरूपी पाठ आहे ना, मग हे काय अवघड आहे? कंट्रोल-एस साठवणं, कंट्रोल-पी छापणं, कंट्रोल-एफ शोधणं, आल्ट-टॅब एका खिडकीतून दुसरीत जाणं, विंडोजची कळ आणि ई दाबली की फायलींचं कपाट उघडणं. यातल्या बऱ्याचशा लिनक्सवरही चालतात.

आता मराठीकडे येतो. माझ्या मते आपल्यासाठी खरा प्रश्न इथे आहे.

आपल्या एक सभासद काकू आहेत. नाव सांगत नाही, त्यांनीच सांगितलंय की गोष्ट सांगा, नाव नको. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी संगणक घेतला आणि जवळजवळ दहा वर्षं रोज सकाळी तासभर मराठीत आठवणी लिहिल्या. जुन्या बडोद्याच्या, वाड्यातल्या, सूरसागराच्या काठच्या. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मुलाने आईला नवा लॅपटॉप आणून दिला, जुन्या संगणकातल्या सगळ्या फायली त्यात उतरवल्या. काकूंनी 'आठवणी १' उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं, डॉलरची खूण, असा खिचडा. कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखा. दुकानात दाखवलं. दुकानदार म्हणाला, "फाइल करप्ट झालीय, काही उपयोग नाही, डिलीट करून टाका, जागा होईल."

त्यांनी डिलीट केलं नाही. त्या म्हणाल्या, "वाचता येत नसलं तरी आहे ना त्यात." आणि जुना संगणक पिशवीत घालून ग्रंथालयात आल्या.

फाइल बिघडलेली नव्हती. काय झालं होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्यातल्या अनेकांच्या घरी हीच परिस्थिती असणार. १९९० च्या दशकात आणि नंतरही पुष्कळ वर्षं आपण मराठी लिहायचो ती श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांमधून. त्या पद्धतीत संगणकाला मराठी कळतच नव्हतं. त्याच्या पोटात इंग्रजी अक्षराचा क्रमांकच साठवलेला असे. फॉन्ट तेवढा त्या क्रमांकाच्या जागी मराठी आकार काढून दाखवी. कृतिदेवमध्ये इंग्रजी डी ही कळ दाबली की पडद्यावर क दिसतो, पण फायलीत डीच असतो. म्हणजे नाटकातला राजा. मुकुट उतरवला की आत आपला नेहमीचा इसम. तो मुकुट म्हणजे फॉन्ट. नव्या लॅपटॉपमध्ये फायली गेल्या, फॉन्ट गेला नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुकुट वेगळा. एकीच्या फॉन्टात क असलेली जागा दुसरीच्या फॉन्टात काही भलतंच असू शकते.

आम्ही जुना संगणक सुरू केला. पंखा घरघरला, पण चालला. कंट्रोल पॅनलमध्ये फॉन्टांचं फोल्डर असतं, त्यातून त्यांचा मराठी फॉन्ट शोधला, नव्या लॅपटॉपवर बसवला, फाइल उघडून सगळा मजकूर निवडला आणि तो फॉन्ट लावला. पान मराठीत आलं. काकूंनी चष्मा पुसला, पहिला परिच्छेद वाचला आणि म्हणाल्या, "इथेही ऱ्हस्व-दीर्घ चुकवलंयच यांनी." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पण एवढ्यावर काम संपत नाही. तो फॉन्ट पुढच्या कारभाऱ्याकडे चालेल का, नातवाच्या फोनवर दिसेल का, याची खात्री नाही. खात्रीचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा, जगभर मान्य असलेला क्रमांक आहे. देवनागरीला त्यात १९९१ सालापासून जागा आहे. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय विंडोज २००० पासून आली. तिच्याबरोबर आलेला मंगल हा फॉन्ट घडवला आपल्या र. कृ. जोशींनी, मराठीतले कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक. एक्सपीतही सोय होती, पण ती झोपलेली असे, सीडी घालून उठवावी लागे. त्यामुळे अर्ध्या लोकांना ती आहे हेच कळलं नाही आणि ते जुन्या फॉन्टांवरच राहिले. आता विंडोज ११ असो, लिनक्स असो, फोन असो, युनिकोड मराठी सगळीकडे दिसतं.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तकं मिळतात. ती बहुतेक काम करतात, सगळं नाही. 'दुसऱ्या' आणि 'ताऱ्यांचा' यांतला ऱ्या हमखास बिघडतो. पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. रफार पुढच्या शब्दावर जाऊन बसतो. आणि बँकेतला, ॲपमधला अर्धचंद्र तर वेगळीच गंमत, कारण चंद्र डोक्यावर घेतलेल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. फार जुन्या संगणकावर त्याच्या ठिकाणी नुसता चौकोन दिसतो. हे सगळं दुरुस्त करायला माणसाचे डोळे लागतात, आणि मराठी येणारे लागतात. काकू आणि त्यांची नात सध्या शनिवारी दुपारी बसतात. काकू वाचतात, नात दुरुस्त करते. नात इंग्रजी माध्यमातली, घराबाहेर गुजराती बोलणारी. तिला 'माजघर' म्हणजे काय ते विचारावं लागलं. चाळीस पानं झाली आहेत, शंभर तरी बाकी आहेत.

आता टाइप कसं करायचं. फोनवर बरेच जण इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहितात, आणि संगणकावरही विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. ज्यांना दोन ओळी लिहायच्या त्यांना तो पुरे. पण ज्यांना पानंच्या पानं लिहायची आहेत, त्यांना माझा आग्रह इनस्क्रिप्टचा. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी ठरवली. त्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. पंधरा दिवस चिडचिड होते, महिन्याभरात बोटं चालू लागतात. आणि आपल्यासारख्या बडोदेकरांना यात एक फायदा आहे जो पुणेकरांना नाही. इनस्क्रिप्टची मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. के, मग सी, मग शिफ्ट धरून एन. मराठी निवडलेलं असेल तर पडद्यावर येतं 'कमळ'. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून गुजरातीवर जा आणि त्याच तीन कळा दाबा. गुजरातीतही 'कमळ'च येतं, शब्द तोच, नुसती वरची रेघ नाही. नगरपालिकेला अर्ज गुजरातीत, बहिणीला पत्र मराठीत, बोटं तीच. इंदूरच्या मंडळींना हिंदीसाठी, बेळगावच्या मंडळींना कन्नडसाठी हाच हिशेब लागू आहे. आणि विंडोज बदलली तरी ही मांडणी तिच्यात असतेच, वेगळं पॅकेज विकत घ्यावं लागत नाही, संगणकाच्या पाठीला कुलपाचा डाँगल लावावा लागत नाही.

डाँगलवरून आठवलं. ज्यांच्याकडे अजून डॉसच्या जमान्यातला हिशेबाचा किंवा सभासद-यादीचा प्रोग्राम चालतो, त्यांनी जपून असा. विंडोज ११ फक्त ६४-बिटांची आहे, तिच्यावर ते जुने १६-बिटांचे प्रोग्राम सरळ चालत नाहीत. आत अडकलेली यादी आधी बाहेर काढा, एक्सेलमध्ये आणा, मगच संगणक बदला.

ऑक्टोबराआधी करायचं काय, ते थोडक्यात. आधी तुमचा संगणक ११ ला चालतो का ते पाहा, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचाच 'पीसी हेल्थ चेक' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१८ च्या आधी घेतलेला संगणक बहुतेक बाद. चालत असेल तर बदल फुकट आहे, करून टाका. चालत नसेल तर एका वर्षाची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तिच्यासाठी तीस डॉलर, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने आत येऊन विंडोज बॅकअप सुरू केलं तर पैसे नाहीत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर तशी सूचना येते आहे. तिसरा मार्ग लिनक्सचा. ग्रंथालयातल्या जुन्या संगणकावर आम्ही लिनक्स मिंट घातलंय, त्यावर मराठी टंकन, इंटरनेट, लिबर ऑफिस सगळं व्यवस्थित चालतं, येऊन बसून पाहा. ज्यांचं काम पत्र, फोटो आणि बातम्या एवढंच आहे त्यांनी नव्या संगणकाचा खर्च करण्याआधी हे जरूर पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. करसल्लागाराचं किंवा विशिष्ट सॉफ्टवेअरचं काम असेल तर मात्र विंडोजच बरी.

आणि हे ऑगस्टात करा. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. ज्यांचं बोटाचं ठसायंत्र जुन्या संगणकाला जोडलेलं आहे त्यांनी ऐन नोव्हेंबरात नवा कारभारी घरात आणला तर धावपळ होईल. २०२१ पासून फोनवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, पण त्यासाठी फोन फार जुना चालत नाही. फोनलाही कारभारी असतोच. या जानेवारीपासून अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनांवर व्हॉट्सॲप थांबलं, तेव्हा आपल्याच दोन-तीन सभासदांचा सकाळचा नमस्कार अचानक बंद झाला आणि आम्ही घाबरून घरी फोन केले.

एक सावधगिरी. अशा तारखा जवळ आल्या की भामट्यांचा सुगीचा हंगाम सुरू होतो. पडद्यावर लाल खिडकी येते, भोंगा वाजतो, "तुमची विंडोज संपली आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा." लक्षात ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. तुम्हाला स्वतःहून फोन करून "आम्ही तुमचं अपडेट करून देतो, हे ॲप घाला" म्हणणारा माणूस शंभर टक्के खोटा. खिडकी बंद होत नसेल तर सरळ संगणकाचं बटण दाबून धरा आणि बंद करा. पैसे गेलेच तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० वर फोन लावा. पहिला तास मोलाचा असतो, पैसे अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. इथे मी बघतो, बायका लगेच सांगतात, पुरुष मंडळी दोन दिवस लपवतात.

आता घरातल्या शिकवण्याबद्दल थोडं, मग थांबतो. मुलं-नातवंडं प्रेमाने शिकवतात, पण त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे "द्या इकडे." माउस हातातून घेतात, चार टिचक्या, "झालं बघा." आपल्याला दिसतो फक्त त्यांचा खांदा. त्यांना सांगा, की बाबा, तू बोल, हात माझा चालू दे. सुनेला, जावयाला हे सांगायला संकोच वाटतो, तरी सांगा. आणि पासवर्ड मुलाकडे असू देत, पण तुमच्याकडेही असू देत. मुलगा न्यू जर्सीत झोपलेला असतो आणि इथे बँकेत पासवर्ड विचारतात, अशा वेळी ती वही कामाला येते. ती संगणकाच्या शेजारी नको, दागिन्यांच्या कपाटात ठेवा. आणि ती कुठे आहे ते घरात आणखी एका माणसाला ठाऊक असू दे. त्या काकूंना जुन्या संगणकाचा पासवर्ड सापडला तो यजमानांच्या पंचांगाच्या मलपृष्ठावर, पेन्सिलीने लिहिलेला. सगळ्यांचं नशीब तसं नसतं.

शेवटी मंडळाचं एक काम. आपल्या स्मरणिकांच्या जुन्या अंकांच्या फायली सीडींवर आहेत, सगळ्या जुन्या फॉन्टात. त्यांत आपल्या कितीतरी गेलेल्या माणसांचे लेख आहेत, काहींचं लिहिलेलं दुसरीकडे कुठेही छापलेलं नाही. सीडी वाचणारं यंत्रच आता नव्या संगणकांत नसतं. एक जुनं यंत्र मिळवून आम्ही पहिल्या चार सीडी उतरवल्या, त्यांतली एक वाचली गेली नाही. त्या वर्षाचा छापील अंक कोणाच्या माळ्यावर असेल तर कृपया आणून द्या, आम्ही पानांचे फोटो घेऊन परत करू. युनिकोडमध्ये आणलेला मजकूर वाचून ऱ्या, वेलांट्या आणि रफार दुरुस्त करायला माणसं हवी आहेत. संगणक येण्याची अट नाही, छापलेल्या कागदावर लाल पेनने खुणा केल्या तरी चालेल, टाइप करायला आमची दोन मुलं तयार आहेत. नावं चिटणीसबाईंकडे द्या.

येत्या मंगळवारी साडेपाचला ग्रंथालयात या. येताना वही, चष्मा आणि एक रिकामा पेनड्राइव्ह आणा, लॅपटॉप असेल तर चार्जरसकट. प्रिंटरचा प्रश्न असेल तर प्रिंटर आणू नका, मागच्या वेळी एकांनी आणला होता, नुसतं मॉडेलचं नाव लिहून आणा.

आता प्रश्न असतील तर विचारा. चहा येतोय तोपर्यंत आपल्याकडे दहा मिनिटं आहेत. हां, मागच्या रांगेतल्या ताई, बोला.